कोकणातलं जुनं कौलारू घर दुरुस्त करताना आणि वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली जुनी घरं दुरुस्त करण्याचं काम मी करतो. दिवाळीनंतर आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले की फोन वाढतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, कारण या घरांची दुखणीही तीच असतात. म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. ती चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंती, लाकडी वासे आणि मंगळुरी कौलं असलेल्या घरांसाठी आहेत. देशावरच्या धाब्याच्या घरांना किंवा वाड्यांना ती जशीच्या तशी लावू नका.

१. आमचं घर शंभर वर्षांचं आहे. दुरुस्त करावं की पाडून नवं बांधावं?

बहुतेक वेळा दुरुस्त करावं. दीड फुटाची चिऱ्याची भिंत, उंच जोतं (घराचा चौथरा), आईन-किंजळीचे वासे आज नव्यानं उभे करायला गेलात तर काय खर्च येतो ते एकदा सुताराला आणि गवंड्याला विचारून पाहा.

ठरवण्याआधी तीन गोष्टी तपासा. खळ्यात (पुढच्या अंगणात) उभं राहून आढ्याकडे, म्हणजे छपराच्या सर्वांत वरच्या रेघेकडे बघा: रेघ सरळ आहे की मधे झोळ आलाय? भिंतीला वरून ओळंबा सोडा: भिंत बाहेर फुगली आहे का? मग शिडी लावून वाशांची भिंतीवर टेकलेली टोकं स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून पाहा. शंभरातल्या ऐंशी घरांत वासा मधे ठणठणीत असतो आणि शेवटचा दीड फूटच कुजलेला असतो. ही माझी मोजदाद नाही, अंदाज आहे. पण अख्खं छप्पर गेलं असं समजून लोक घर पाडायला निघतात, तेव्हा खरं दुखणं या दीड फुटातच असतं. तेवढा भाग कापून जोड देता येतो, किंवा शेजारी दुसरा वासा बांधता येतो. पाडावंच लागतं अशी घरंही असतात, ती प्रश्न १८ मध्ये.

२. पैसे थोडे आहेत. सुरुवात कशापासून करू?

छपरापासून. त्यानंतर घराभोवतालचं पाणी, मग वायरिंग, मग संडास-बाथरूम, आणि सर्वांत शेवटी फरशी व रंग. लोक नेमकं उलट करतात. मेमध्ये पाहुणे येणार म्हणून आधी फरशी बसवतात आणि जूनमध्ये तिच्यावर बादल्या मांडतात.

घराभोवतालच्या पाण्याचं काम स्वस्त असतं आणि कोणी करत नाही. पागोळ्या जिथे पडतात तिथे जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या. मागच्या बाजूला डोंगर असेल तर जोत्यापासून चार-पाच फुटांवर चर खणून पाणी वळवा. वर्षानुवर्षं माती साचून परसाची जमीन जोत्याच्या वर आलेली असते. ती खरवडून खाली घ्या. एवढ्यानंच कितीतरी घरांतली ओल निम्म्यावर येते.

३. काम कोणत्या महिन्यात सुरू करावं?

दिवाळी झाली की लगेच. छपराचं काम १५ मेच्या आत मिटलं पाहिजे, कारण त्यानंतर वळिवाचा भरवसा नाही आणि गावातले सगळेच गडी शाकारणीत (पावसाआधी छप्पर नीट करण्यात) गुंतलेले असतात. लाकूड मात्र आदल्या हंगामात घेऊन सावलीत रचून ठेवा. ओलं लाकूड चढवलं तर पहिल्याच उन्हाळ्यात पिळतं आणि कौलांचे सांधे उघडतात. स्वतःच्या परड्यातला फणस किंवा आईन तोडणार असाल तरी आधी परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडतोडीचा कायदा आहे आणि ही झाडं त्याच्या यादीत आहेत. गणपतीपर्यंत घर राहतं व्हावं असा सगळ्यांचा आग्रह असतो. तो पुरा करायचा असेल तर फेब्रुवारीत नारळ फोडून चालत नाही.

४. पावसात कौलं गळतात. सगळी बदलून टाकू का?

आधी उतरवा, मग ठरवा. मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला आणि तिथून ही कौलं किनाऱ्याकिनाऱ्यानं आपल्याकडे आली. त्याआधी गावच्या कुंभाराचे नळे (अर्धगोल कौलं) किंवा गवत असायचं. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते वाचून घ्या, कारण प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच किंचित वेगळी असते. वेगवेगळ्या नावांची कौलं एकाच पाख्यावर (छपराच्या एका उतारावर) मिसळली तर ती एकमेकांत नीट बसत नाहीत आणि गळती तिथूनच सुरू होते.

उतरवलेलं प्रत्येक कौल बोटानं वाजवा. खणखणीत आवाज आला तर ते अजून कित्येक वर्षं टिकेल. बद्द आवाज आला तर चीर आहे. शेवाळ ताठ ब्रशनं घासून काढा, ॲसिड नको. मग चांगली जुनी कौलं मोजून एक अख्खा पाखा भरेल का पाहा (एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात) आणि ती पुढच्या पाख्याला वापरा. नवी मागच्या पाख्यावर. घराचा चेहरा तोच राहतो आणि खाचही जुळते.

कौलं खाली आहेत तोवर रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) सगळ्या बदलून घ्या. रिपांवर पैसे वाचवून दोन वर्षांनी पुन्हा छप्पर उतरवणं फार महाग पडतं.

५. माकडं कौलं फोडतात. कंटाळून पत्रे घालणार आहोत. चालेल?

हा त्रास खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. शेती गेली, जंगल तुटलं आणि वानरं घरांवर आली. दर पावसाळ्यात छपरावर चढणारा माणूसही आता गावात मिळत नाही.

तरी नुसता पत्रा नको. उन्हाळ्यात घर तापतं, पावसात बोलणं ऐकू येत नाही, आणि वाऱ्यात अख्खा पत्रा एकसंध उचलला जातो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे उडालेल्या पत्र्यांनी शेजारच्या घरांचं आणि झाडांचं काय केलं ते लोकांनी पाहिलं आहे. कौलंही उडाली, पण गेलेली कौलं परत लावता येतात.

मधला मार्ग असा: वाशांवर आधी पातळ रंगीत पत्रा, त्यावर वाशांच्याच दिशेनं उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि मग कौलं. उभ्या पट्ट्या विसरू नका. आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकल्या तर आत शिरलेलं पाणी प्रत्येक रिपेमागे अडतं आणि रीप कुजते. या रचनेत कौल फुटलं तरी घरात थेंब येत नाही, आणि बदलायला पुढच्या सुट्टीपर्यंत थांबता येतं. वळचणीकडच्या दोन-तीन ओळी आणि कोन्यांची (आढ्यावरच्या कौलांची) ओळ तांब्याच्या किंवा गॅल्व्हनाइज्ड तारेनं रिपांना बांधून घ्या.

६. भिंतीला ओल आहे, गिलाव्याच्या खपल्या पडतात. सिमेंटचा पक्का गिलावा करून घेऊ का?

नको. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

चिरा भोकाभोकांचा दगड आहे. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीनं तासता येतो आणि हवा लागली की टणक होतो. तो पाणी पितो आणि ते सोडतोही. मातीच्या किंवा चुन्याच्या लगद्यातली जुनी भिंत पावसाळाभर भिजते आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत वाळते. सिमेंटचा गिलावा हे वाळणं बंद करतो. जमिनीतून चढलेलं पाणी आतच अडकतं आणि गिलाव्याच्या वरच्या कडेपर्यंत सरकत जातं. बरोबर आणलेले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुलतात आणि थर ढकलून पाडतात. मग लोक आणखी जाड गिलावा करतात आणि ओल आणखी वर चढते.

आमच्याच घरी हे झालं. माजघराची भिंत कमरेपर्यंत ओली दिसायची म्हणून एका ठेकेदाराकडून सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग करून घेतला. दोन पावसाळे भिंत सुंदर दिसली. तिसऱ्या वर्षी ओल डोक्याच्या वर होती आणि देवघराच्या चौकटीचं लाकूड बोटानं दाबलं तर आत जायला लागलं. सगळं खरवडून काढलं, भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवली आणि मग चुन्याचा गिलावा केला. चौकट वाचली नाही. ती आजोबांनी घरच्या फणसाची करून घेतलेली होती.

तेव्हा क्रम असा ठेवा: बाहेरचं पाणी वळवा (प्रश्न २), सिमेंट खरवडा, भिंत वाळू द्या, कुजलेले चिरे बदला, चुन्यानं दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरा, चुन्याचाच गिलावा करा आणि वर चुन्याची सफेदी द्या. प्लास्टिक पेंट लावला तर भिंत पुन्हा कोंडली जाते.

७. आमच्या गवंड्याला चुन्याचं काम येत नाही. मग?

बऱ्याच जणांना येत नाही, पण हात बसलेला गवंडी आठवड्याभरात शिकतो. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो. कळीचा चुना भिजवून निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरू द्या. वाळू धुतलेली, गोडी आणि थोडी भरड हवी. खाडीची खारी वाळू कधीच नको. गिलावा एका दमात जाड न मारता पातळ थरांत चढवा आणि प्रत्येक थर सावलीत हळूहळू वाळू द्या. दुपारच्या उन्हात उघडा टाकलात तर तडे जाणारच. चुना पूर्ण घट्ट व्हायला महिने लागतात, म्हणून हे काम जानेवारी-फेब्रुवारीत संपवा.

जुने लोक गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालायचे. त्यानं फरक पडतो, पण चुना मुरवण्याची जागा ते घेत नाही.

८. आतला चिरा उघडा ठेवला तर छान दिसेल का?

दिसेल, पण सगळीकडे नाही. जी भिंत मुळात गिलाव्यासाठी बांधली होती तिचे चिरे ओबडधोबड असतात आणि सांधे मातीचे. तो गिलावा काढून पावसाच्या बाजूला भिंत उघडी टाकली की दोन-तीन हंगामांत सांध्यातली माती वाहून जाते. ओटीखाली, जिथे वळचण पुरेशी पुढे आली आहे, किंवा घराच्या आत एखादी भिंत उघडी ठेवा आणि सांधे चुन्यानं भरून घ्या. चिऱ्यावर चकचकीत पॉलिश मारू नका. दोन पावसांनंतर आतल्या पाण्यानं पांढरे डाग उठतात आणि पॉलिशचे पापुद्रे सुटतात.

९. वाळवी लागली आहे. लाकूड सगळं काढून लोखंड घालू का?

वाळवी जमिनीतून येते आणि तिला ओल लागते. भिंतीवरच्या मातीच्या नळ्या कुठून सुरू होतात ते शोधा. बहुतेकदा जोत्याला टेकलेला लाकूडफाटा, शेणीची रास किंवा न्हाणीची गळती सापडते. ते हटवा, जोत्याभोवती औषध घालून घ्या, खांब थेट जमिनीत न रोवता दगडी उथळ्यावर घ्या. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात, तेच वाशांच्या टोकांना लावा. रंग काळपट येतो, म्हणून दर्शनी लाकडाला नको.

लोखंडी नळ्यांचं छप्पर वाईट नाही, पण समुद्राजवळ साधं लोखंड गंजतं. गॅल्व्हनाइज्ड घ्या आणि वेल्डिंगची प्रत्येक जागा रंगवून घ्या. माझं मत विचाराल तर चांगलं लाकूड काढून लोखंड घालू नये.

१०. घरात दिवसा दिवा लावावा लागतो. मोठ्या खिडक्या काढता येतील?

आधी काचेची कौलं घाला. माजघरावर चार, स्वयंपाकघरावर चार. आपल्या आज्यांनी चुलीपाशी याच उजेडात आयुष्य काढलं. खर्च नगण्य, भिंतीला हात नाही. त्यानंतर आतल्या भिंतींना पांढरी सफेदी द्या आणि माळ्याची एखादी फळी काढून उजेड खाली येतो का पाहा.

तरीही खिडकी हवी असेल तर ती उभी काढा, आडवी लांब नको. कोपऱ्यापासून निदान तीन फूट सोडा, वर वासा किंवा तुळई टेकते त्या जागेखाली फोडू नका, आणि भिंत फोडण्याआधी वरच्या लगीचा (खिडकीवरच्या आडव्या तुळईचा) आधार घाला. मातीच्या लगद्यातल्या भिंतीत आधी भोक पाडून मग लगी सरकवणारे गवंडी मी पाहिले आहेत. वरचे चार चिरे खाली येतात तेव्हा माणूस खालीच असतो.

११. आईला रात्री बाहेरच्या संडासात जावं लागतं. घरात बाथरूम कुठे काढू?

हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. पैसे कमी असतील तर प्रश्न २ मधला क्रम मोडून हे आधी करा.

जागा मागच्या किंवा बाजूच्या पडवीत. माजघरात किंवा बाळंतिणीच्या खोलीत नको, कारण तिथून पाइप बाहेर न्यायला जुन्या जोत्याला भोकं पाडावी लागतात आणि पुढे पाइप गळला तर कळत नाही. पडवीची बाहेरची भिंत मोकळी असते, पाइप उघड्यावर राहतात, खिडकी मिळते. बाथरूमच्या भिंती नव्या बांधा, जुन्या चिऱ्याच्या भिंतीला टाइल थेट चिकटवू नका. मधे दोन इंच मोकळे ठेवून पातळ भिंत उभी करा. दार अडीच फुटांहून रुंद, उंबरा नाही, कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा. आजचा खर्च तोच, पण उद्या चाकाची खुर्ची आली तर अडत नाही.

सेप्टिक टँक विहिरीपासून लांब, साठ फुटांच्या पलीकडे आणि उताराच्या खालच्या बाजूला. जांभ्याच्या जमिनीत पाणी भोकांतून धावतं, मातीत गाळलं जातं तसं इथे गाळलं जात नाही. शेजाऱ्याची विहीरही मोजा.

१२. शेणाची जमीन काढून कोणती फरशी घालू?

ज्या खोल्यांत रोज वावर नाही, त्यातल्या एखादीत सारवलेली जमीन ठेवता आली तर ठेवा. बाकी ठिकाणी शहाबादी, कोटा, किंवा चांगला कोबा. चकचकीत टाइल जुलैत घामेजते आणि म्हातारी माणसं घसरतात. फरशी घालताना जमिनीची पातळी उंबऱ्याच्या वर जाऊ देऊ नका. जुनी दारं आधीच बुटकी असतात.

१३. कुटुंब वाढलं आहे. दोन खोल्या वाढवायच्यात. कुठल्या बाजूला?

पुढची बाजू सोडा. खळं, तुळस, पायऱ्या, ओटी यांना हात लावू नका. शिमग्याला पालखी खळ्यात येते, गणपतीत माटवी (मूर्तीवरचं फळापानांचं छत) बांधायची जागा आतल्या ठरलेल्या भिंतीशी असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन आधी या जागा नकाशावर खुणा करून घ्या. देव हलवायचे की नाहीत हे माझ्यासारख्यानं ठरवायचं नसतं.

आता सर्वांत मोठा मोह: मागचा पाखा तसाच खाली ओढत न्यायचा आणि त्याखाली खोली काढायची. हिशेब करून पाहा. ३० अंशांचा उतार असेल तर दर १० फुटांना छप्पर पावणेसहा फूट खाली येतं. तुमची वळचण ८ फुटांवर असेल तर १० फुटी खोलीच्या टोकाला सव्वादोन फूट उंची उरते. मग लोक पुढच्या तुकड्याचा उतार कमी करतात, आणि कमी उताराच्या कौलांत वाऱ्याबरोबर पाणी उलटं चढतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे ही लबाडी एका आषाढात उघडी पडते.

म्हणून नवा भाग वेगळा उभा करा. मागे किंवा कुशीला, जुन्या भिंतीपासून सहा-आठ फूट दूर, स्वतःच्या दोन पाख्यांचा. दोन्हींना जोडायला अरुंद वाट, तिचं छप्पर दोन्हीकडच्या वळचणींच्या खाली. मधे एक छोटा चौक आपोआप तयार होतो. जुन्या घराला मागून उजेड आणि वारा मिळतो, दोन्ही छपरांचं पाणी मोकळं पडतं, आणि एखादं दार उन्हाळ्यात दुपारी उघडलं की चौकातली गार हवा माजघरात येते. माझी सर्वांत आवडती कामं अशीच झालेली आहेत.

दोन पाखे एकमेकांवर उतरून मधे खोबण तयार होईल अशी रचना टाळा. इलाजच नसेल तर खोबणीत दीड फूट रुंद पन्हळ घाला, तिच्या कडा दोन्हीकडे कौलांखाली वर न्या आणि पाला काढायला माणूस चढू शकेल एवढी जागा ठेवा.

जागा अगदीच कमी असेल आणि भिंत भिंतीला लावावीच लागली, तर नवी भिंत जुनीत गुंतवू नका. मधे इंचभर फट सोडा आणि ती वरून झाका. जुनी भिंत बसून शतक झालं, नवी पहिल्या दोन पावसांत बसणार. गुंतवल्या तर तडा जुन्या भिंतीत जातो. नवा पाया जुन्याशेजारी त्याच्याहून खोल खणू नका.

१४. त्यापेक्षा जुन्या भिंतींवरच स्लॅब टाकून वर मजला चढवला तर?

नाही. पाच इंची स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं. कौलं, रिपा, वासे सगळे धरले तरी त्याच्याहून खूपच कमी भरतात. मातीच्या लगद्यातली भिंत हा भार घेण्यासाठी बांधलेली नाही. डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं आपल्या घरांत अजून आहेत. कमकुवत भिंतींवर जड छप्पर म्हणजे काय ते त्यांना विचारा.

जास्त जागाच हवी असेल तर माळा मजबूत करून घ्या, किंवा प्रश्न १३ प्रमाणे शेजारी बांधा. नव्या भागात काँक्रीटचे पट्टे घालायला माझी काहीच हरकत नाही, उलट जोत्याला आणि लगीच्या पातळीला ते घालाच. समुद्राजवळ सळईवर काँक्रीटचं आवरण पुरेसं ठेवा.

१५. नवा भाग हुबेहूब जुन्यासारखा दिसायला हवा का?

उतार तोच, कौलं तीच, आढं जुन्या आढ्याहून खाली. एवढं पाळलं तर बाकीचं मोकळं. खिडक्या मोठ्या असू देत, स्वयंपाकघर आजच्या पद्धतीचं असू दे. यंत्रावर कोरलेले नकली खांब आणि सिमेंटचे गणपती लावून जुनेपण आणू नका. शेजारी खरं जुनं घर उभं आहे.

डोळ्यांना प्रमाणाची सवय व्हावी म्हणून कामाआधी रत्नागिरीच्या टिळक आळीतलं लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आणि मालगुंडचं केशवसुतांचं घर बघून या. जाताना मोजपट्टी न्या. दाराची उंची, वळचणीची उंची, ओटीची रुंदी टिपून घ्या आणि आपल्या घराशी ताडून बघा.

१६. परवानगी लागते का? घर समुद्राजवळ असेल तर?

कौलं परतणं, गिलावा, फरशी, रंग यांसारख्या दुरुस्तीला साधारणपणे बांधकाम परवानगी लागत नाही. वाढीव बांधकामाला लागते. गावठाणाच्या आत आणि बाहेर नियम वेगळे आहेत, म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) आधी भेटा, सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन. घरपट्टीचा उतारा, म्हणजे नमुना ८, कर आकारणीपुरता असतो. तो मालकीचा पुरावा नाही. अनेकांचा इथे घोळ होतो.

किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांचे केंद्राचे नियम, लागू आहे. ग्रामीण किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही. तिथल्या अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी होते, पण आहे त्याच जोत्याच्या क्षेत्रफळात. म्हणजे प्रश्न १३ मधला वेगळा भाग तिथे बांधता येत नाही. माळा आणि पडवीच वापरात आणावी लागते. खाडीकाठचं अंतर वेगळं मोजतात, आणि मच्छीमार व पारंपरिक किनारी समाजांच्या घरांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. जुनं घर अधिकृत होतं हे दाखवणारे कागद, जुन्या घरपट्टीच्या पावत्यांसकट, जपून ठेवा.

१७. घर सामाईक आहे. अर्धं चुलत्यांचं, शिवाय आत्या आणि बहिणी. आम्ही आमच्या बाजूचं काम करू शकतो का?

गळती थांबवा, पण वाढीव बांधकाम सगळ्यांच्या लेखी संमतीशिवाय करू नका. हिंदू कुटुंबांत ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहीण काही बोलत नाही म्हणून तिला विचारायचं नाही, हे बरोबर नाही. तिचंही माहेर त्याच घरात आहे. वाटणी करायची तर नोंदणीकृत वाटणीपत्र करा.

बांधणीच्या बाजूनं सांगायचं तर आढं आणि मधली भिंत दोन्ही वाट्यांची असते. एका भावानं आपला अर्धा भाग पाडून बंगला बांधला की आढ्याचं एक टोक लोंबकळतं आणि मधली भिंत, जी कधी पावसात उभी राहिलीच नव्हती, उघड्यावर येते. असं घडणारच असेल तर पाडण्याआधी आढ्याखाली खांब आणि मधल्या भिंतीवर वळचण करून घेण्याचा खर्च कोण देणार, हे कागदावर लिहून घ्या.

१८. मग घर पाडायचं कधी? आणि आम्ही वर्षातून दोनदाच येतो, तर दुरुस्त केलेलं टिकेल का?

बंद घर लवकर खचतं, हे खरं. ज्या शेजाऱ्याकडे किल्ली देता त्याला वर्षाचे पैसे ठरवून द्या आणि काम नेमून द्या: पंधरवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडणं, दर मोठ्या पावसानंतर माळ्यावर टॉर्च घेऊन चढणं, सरकलेलं कौल बसवणं. घरात पन्नासेक जादा कौलं रचून ठेवा. जाताना मेन स्विच बंद करा. माळ्यावर उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून वायरिंग पाइपातून घ्या आणि वायरीतल्या विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवा.

पाडायची वेळ येते ती भिंती ओळंब्यापासून बऱ्याच सुटल्या, पाया एका बाजूनं खचत चालला, किंवा बरीच वर्षं छप्पर नसल्यानं भिंतींच्या माथ्यातून पाणी आत गेलं, तेव्हा. एकाच भिंतीचं असं झालं असेल तर तेवढीच भिंत उतरवून त्याच चिऱ्यांत पुन्हा बांधता येते. सगळंच गेलं असेल तर उतरवताना जेसीबी आणू नका. कौलं, दारं, चौकटी, खांब, तुळया, उथळे हातानं उतरवा, प्रत्येकावर खडूनं जागा लिहा आणि गोठ्यात रचा. चांगलं जोतं असेल तर त्याच जोत्यावर बांधा. किनाऱ्याच्या पट्ट्यात तर तेवढंच शक्य असतं (प्रश्न १६). आणि उतरवण्याआधी एक दिवस काढून घराची मापं घ्या, फोटो काढा, प्रत्येक खोलीत काकीला किंवा आजीला बसवून तिथे काय काय होतं ते विचारून लिहून ठेवा. नवा आराखडा त्या वहीवरून काढता येतो.